पुराच्या आकड्यांचा पहारा

२१ जून २०२२. मध्यरात्रीपासून पहाटे दोनपर्यंतच्या वेळात गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. राज्यातल्या नद्यांवर पंधरा ठिकाणी बसवलेल्या यंत्रांचे आकडे ज्या सर्व्हरवर जमा होत, तोच हा पूरनियंत्रणाचा सर्व्हर. सगळ्या फायलींना ‘ईकिंग’ असे शेपूट लागले, एकही फाइल उघडेना आणि पडद्यावर बिटकॉइनची मागणी झळकू लागली. खात्याने पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार नोंदवली. अँटिव्हायरस नव्हता आणि फायरवॉल जुनाट होती, हे कारणही खात्याकडूनच पुढे आले.

तारखेकडे पुन्हा एकदा पाहायला हवे. मृग संपून आर्द्रा लागण्याचा तो सुमार. वर्षभर ज्या आकड्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही, ते आकडे नेमके याच दिवसांत दर तासाला लागतात. डिचोली तालुक्यातल्या साखळीत वाळवंटी नदी फुगली की बाजारातले दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायला घेतात. तिकडे पेडण्यात हळर्ण, तळर्ण, इब्रामपूर, चांदेल या गावांचे डोळे शापोरा नदीकडे लागतात, कारण तिच्या वरच्या अंगाला, महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यात, तिळारीचे धरण आहे. धरणातून किती पाणी सुटले आणि ते किती वेळात खाली पोचेल, हा हिशेब चुकला तर पाणी थेट ओटीवर. २३ जुलै २०२१ रोजी असाच पूर आला होता आणि १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितले होते. त्याला वर्षही झाले नव्हते, तोच पुराचे आकडे राखणारा सर्व्हर ओलीस धरला गेला.

‘ईकिंग’ हे शेपूट लावणारे रॅन्समवेअर ‘फोबोस’ नावाच्या कुळातले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने या टोळीचा सूत्रधार असल्याचा आरोप असलेल्या एका रशियन नागरिकाला दक्षिण कोरियातून ताब्यात घेतले. जगभरातल्या हजाराहून अधिक संस्थांकडून या टोळीने १.६ कोटी डॉलरहून जास्त खंडणी उकळली, असे आरोपपत्र म्हणते. टोळीच्या सावजांत शाळा आणि रुग्णालयेसुद्धा होती. फोबोसवाल्यांची एरवीची रीत अगदी साधी असे. दुरून कॉम्प्युटर चालवण्याची सोय इंटरनेटवर उघडी कुठे राहिली आहे ते शोधायचे आणि सोपे पासवर्ड एकामागून एक लावून पाहायचे. त्यात बुद्धीची कमाल वगैरे काही नाही. रात्री गल्लीतून फिरत प्रत्येक दाराची कडी हलवून बघणाऱ्या भुरट्या चोराचीच ही तऱ्हा.

या लेखाचा विषय आहे अशा चोरांवर पहारा ठेवू शकणाऱ्या, विद्यापीठात सायबर सुरक्षा शिकून नोकरीच्या दारात उभ्या राहणाऱ्या तरुणी. त्यातही पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या. सायबर सुरक्षा म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो सिनेमातला हॅकर. डोक्यावरून टोपी ओढलेला, हिरव्या अक्षरांपुढे बसलेला आणि बहुतेक वेळा पुरुष. प्रत्यक्षातले काम बरेच रटाळ असते. कुठल्या मशीनवर कुठले सॉफ्टवेअर आहे याची यादी ठेवणे, त्याचे पॅच वेळच्या वेळी बसवणे, बॅकअप घेणे आणि तो खरोखर परत चालू होतो का हे तपासणे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे लॉग-इन त्याच दिवशी बंद करणे, रोजचे लॉग वाचणे. एवढे नेमाने झाले असते तर निदान सर्व्हर गेला तरी आकडे हाताशी राहिले असते. आणि हे करायला आलेली मुलगी साखळीची असती, तर वाळवंटीचे आकडे रात्री दोन वाजता हवेतच कशाला, हे तिला कुणी समजावून सांगावे लागले नसते.

हे दोन तालुके गोव्याच्या नकाशावर उत्तरेला, मांडवीच्या अलीकडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेलेल्या नव्या काबिजादीतला हा मुलूख. इथली भजने, कीर्तने, दशावतार आणि वर्तमानपत्रे मराठी. २०११ च्या जनगणनेत पेडण्याची वस्ती पाऊण लाखाच्या आसपास, डिचोलीची लाखाला थोडी कमी. पोर्तुगिजांपासूनच्या मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या आणि त्या शाळांतून या भागातल्या मुलींची पहिली मोठी पिढी शिकून बाहेर पडली. आज ज्या मुलींविषयी बोलायचे आहे, त्यांच्यातल्या अनेकींच्या आज्या त्या पिढीतल्या.

मधल्या पिढीचे अर्थकारण मात्र वेगळ्या वाटेने गेले. डिचोलीत खाण होती. ट्रक, बार्ज, गॅरेज, चहाचे गाडे, सगळे खाणीवर. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे त्या सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा थंडावल्या. दारात उभ्या ट्रकचे हप्ते फेडता फेडता घराघरात एक गोष्ट कळून चुकली : मुलीचा पगार हा आता वरखर्चाचा पैसा राहिलेला नाही. पेडण्यात याच सुमारास उलटे घडत होते. मोपाच्या पठारावर विमानतळ उभा राहत होता. ११ डिसेंबर २०२२ ला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. धारगळला आयुर्वेद संस्था आली, तुयेला इलेक्ट्रॉनिक सिटीची आखणी झाली. ‘भूमिपुत्रांना नोकऱ्या’ ही घोषणा तर प्रत्येक प्रकल्पाच्या कोनशिलेबरोबरच येते. त्या नोकऱ्या कुठल्या, हे विचारले की उत्तर बहुधा हाऊसकीपिंग, सिक्युरिटी गार्ड, ड्रायव्हर यांपाशी येऊन थांबते. विमानतळाचे फाटक राखायला गावचा माणूस चालतो, तर त्याचे नेटवर्क राखायला गावची मुलगी का चालू नये, हा प्रश्न ग्रामसभेत क्वचितच निघतो.

विमानतळ म्हणजे आज धावपट्टीच्या बरोबरीने कॉम्प्युटरचा पसारा. मे २०२१ मध्ये एअर इंडियाने जाहीर केले की तिच्या आणि इतर विमान कंपन्यांच्या प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीवर हल्ला होऊन सुमारे ४५ लाख प्रवाशांचे तपशील फुटले. पुढच्याच वर्षी, २५ मे २०२२ च्या सकाळी, स्पाइसजेटची विमाने रॅन्समवेअरमुळे खोळंबली. १९ जुलै २०२४ ला तर हल्लेखोराचीही गरज पडली नाही. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे एक सदोष अपडेट गेले आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडल्या. देशातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यायची वेळ आली. पहारेकऱ्याच्याच दंडुक्याने घराची काच फुटावी, तसा तो दिवस होता. सुरक्षेच्या अभ्यासक्रमात तो धडा म्हणून आलाच पाहिजे : अपडेट आधी चार मशीनवर चालवून बघावे आणि मगच बाकीच्यांवर सोडावे.

आता शिक्षणाचा नकाशा. गोव्यात मुक्तीनंतर महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती; गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झाले आणि ताळगावच्या पठारावर स्थिरावले. गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ चे, फर्मागुढीला. बिट्स पिलानीची गोवा शाखा २००४ पासून झुआरीनगरात, एनआयटी २०१० मध्ये फर्मागुढीत सुरू होऊन पुढे कुंकळ्ळीला गेली, आयआयटी २०१६ पासून फर्मागुढीतच. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या गोवा संकुलाची पायाभरणी १४ ऑक्टोबर २०२१ रोजी धारबांदोड्यात झाली. सायबर गुन्ह्यांचा तपास हा त्या विद्यापीठाच्या मुख्य विषयांपैकी एक. ही सगळी नावे नकाशावर मांडली तर लगेच लक्षात येते की यातली एकही संस्था पेडण्यात किंवा डिचोलीत नाही.

इथे काय आहे? विर्नोड्यात संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय कला व वाणिज्य महाविद्यालय. साखळीत शासकीय कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय. मयेत शासकीय तंत्रनिकेतन. पेडण्याच्या मुलीला फर्मागुढी गाठायची तर म्हापसा, पणजी, फोंडा असे टप्पे घेत साठेक किलोमीटर. सरकारी कदंब बसचा सवलतीचा पास असला तरी दिवसाचे चार तास रस्त्यावर जातात, आणि ते तासही ज्या वयात रात्री जागून प्रॅक्टिकल करायचे त्याच वयातले. मुलगे मित्राच्या खोलीवर फोंड्याला राहतात. मुलीच्या बाबतीत आधी हॉस्टेलची खोली मिळते का, मग वॉर्डन कशी आहे, मग तिथे ओळखीचे कोण आहे, अशी चौकशी सुरू होते आणि ती संपेपर्यंत कधीकधी प्रवेशाची फेरीही संपते.

देशातले चित्र पाहिले तर उच्च शिक्षणात एकूण मुली मुलांच्या बरोबरीला आल्या आहेत. अभियांत्रिकीत मात्र शंभरात तीसही नाहीत. आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या गेल्या आणि २०२० पर्यंत त्यांचे प्रमाण वीस टक्क्यांवर नेण्यात आले. सायबर सुरक्षेत जगभरातल्या मनुष्यबळात स्त्रिया साधारण चौथा हिस्सा, असा ‘आयएससी-टू’ या संघटनेचा अंदाज. याच संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की जगात या क्षेत्रात सुमारे ५५ लाख माणसे काम करतात आणि आणखी ४० लाख हवी आहेत. अशा आकड्यांवर जरा जपूनच विश्वास ठेवावा. हवी असलेली माणसे आणि जाहिरात निघालेल्या जागा यांत अंतर असते, आणि निघालेल्या जागांतही ‘तीन वर्षांचा अनुभव आवश्यक’ ही ओळ बहुतेक ठिकाणी असते. मनुष्यबळ नाही म्हणून ओरड करायची आणि नव्या माणसाला दारातच उभे करायचे, असा हा व्यवहार आहे.

मुलींना हे काम झेपेल का, हा प्रश्न आजही घरात विचारला जातो, म्हणून थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात जर्मन संकेत फोडणाऱ्या ब्लेचली पार्कमध्ये सुमारे तीन चतुर्थांश कर्मचारी स्त्रिया होत्या. नेटवर्कमधले संदेश गोल गोल फिरत अडकून पडू नयेत यासाठीची स्पॅनिंग ट्री पद्धत रेडिया पर्लमन यांची. सिस्टीमवर काहीतरी वावगे चालले आहे हे तिच्या नेहमीच्या वागण्याशी ताडून ओळखायचे, ही आजच्या प्रत्येक निगराणी केंद्राच्या मुळाशी असलेली कल्पना डोरोथी डेनिंग यांनी १९८७ मध्ये शोधनिबंधात मांडली. फार लांब जायचे नसेल तर केरळात अमृतपुरीला अमृता विद्यापीठात ‘टीम शक्ती’ हा निव्वळ विद्यार्थिनींचा गट आहे. हॅकिंगची कोडी सोडवण्याच्या ‘कॅप्चर द फ्लॅग’ स्पर्धा तो स्वतः भरवतो. अमृतपुरी म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या पट्टीवरचे गाव. पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या पालये-हरमलच्या माणसाला तिथे परके वाटू नये.

शिकवायचे काय आणि कसे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. विंडोजच्या सर्व्हरवर प्रत्येक लॉग-इनची नोंद होते. यशस्वी लॉग-इनला ४६२४ हा क्रमांक पडतो, फसलेल्याला ४६२५. प्रॅक्टिकलला बसलेल्या मुलीच्या पुढ्यात अशा हजारो ओळींची एक फाइल येते. दिवसभर अधूनमधून एखाददुसरी ४६२५ दिसते. ऑफिसात कुणी पासवर्ड चुकवला, दुसऱ्या खेपेला बरोबर टाकला, इतकेच. मग मध्यरात्रीनंतर एकाच परक्या पत्त्यावरून ४६२५ ची रांग लागते, सेकंदाला कित्येक. ती रांग अचानक तुटते आणि एक ४६२४ येते. ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ खाते, प्रकार दहा, म्हणजे दुरून उघडलेला पडदा. त्यानंतर नवे खाते तयार झाल्याची ४७२० क्रमांकाची नोंद. एवढ्यावरून तिने सांगायचे असते की चोर कधी घुसला, कुठल्या दाराने घुसला, आत कुणाच्या नावाने वावरतो आहे आणि आधी कुठली तार तोडली पाहिजे. मशीन बंद करायची नाही, नाहीतर मेमरीतला पुरावा जातो. फक्त नेटवर्कपासून वेगळी करायची. आणि हे सगळे वेळेत कागदावर आणायचे, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. हे निर्देश निघाल्यावर आठच आठवड्यांनी गोव्यातली पुराची फाइल कुलूपबंद झाली होती.

या कामाला गणिताची प्रतिभा लागत नाही. चिकाटी लागते, नजर लागते आणि स्वच्छ चार ओळी लिहिता याव्या लागतात. तिसरी गोष्ट शिक्षक सहसा विसरतात. पेडणे-डिचोलीतल्या बऱ्याच मुली चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीपासून इंग्रजीत गेलेल्या असतात. त्यांना विषय कळतो, तोंडी उत्तरही येते, पण ‘इन्सिडेंट रिपोर्ट’ लिहायला बसल्या की हात अडतो. मुलाखतीतही तेच. अशा वेळी वर्गात आधी मराठीत किंवा कोकणीत घटना सांगायला लावून मग तिचा इंग्रजी अहवाल करून घेणारा शिक्षक एखाद्या महागड्या लॅबपेक्षा जास्त उपयोगाचा ठरतो. लॅबही फार महाग नसतेच. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यावर फुकट मिळणारी काली लिनक्स, नेटवर्कवरून जाणारी माहितीची पाकिटे वाचायला वायरशार्क, आणि सरावाला कार्नेगी मेलन विद्यापीठाचे पिकोसीटीएफ. पावसाळ्यात वीज जाते तेवढा वेळ सोडला तर घरी बसून सराव होऊ शकतो.

साखळी आणि विर्नोड्याच्या वाणिज्य शाखेतल्या मुलींसाठी तर एक वेगळेच दार उघडे आहे, सहकारी बँकांचे. त्याकडे कुणी बोट दाखवत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळायला हवे.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवशी चोरट्यांनी तिची ९४ कोटींहून अधिक रक्कम लंपास केली. बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घालून त्यांनी मधल्या मध्ये एक खोटी यंत्रणा उभी केली होती. कार्ड यंत्रात सरकले की खऱ्या बँकेला न विचारताच ‘पैसे द्या’ असे उत्तर जाई. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी निघाले, भारतात आणखी अडीच कोटी, आणि दोन दिवसांनी बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या ‘स्विफ्ट’ मार्गाने जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगला गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने यातल्या ११ आरोपींना शिक्षा सुनावली. शिक्षा झालेले हे मुख्यतः कार्डे घेऊन यंत्रांपुढे उभे राहिलेले.

या घटनेत तंत्रज्ञान खूप आहे, पण ती पकडण्याची जागा हिशेबाची आहे. एटीएममधून गेलेला पैसा आणि खातेदाराच्या नावे पडलेला पैसा जुळत नाही, हे ताळा करणाऱ्याला पहिल्या तासात दिसते, जर कुणी शनिवारी दुपारी ताळा करत असेल तर. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला बँकांच्या डिजिटल व्यवहारांच्या आवाक्यानुसार चार पातळ्या ठरवल्या. म्हणजे आता डिचोली अर्बनसारख्या बँकेपासून मोठ्या शहरी बँकेपर्यंत सगळ्यांना याद्या, तपासण्या, अहवाल आणि ऑडिट आले. हे काम करायला कोड लिहावा लागत नाही. नियम वाचून प्रत्यक्षाशी ताडता यावा लागतो, आणि बी.कॉम.च्या ऑडिटिंगच्या पेपरात दुसरे काय शिकवतात? त्याच्या जोडीला नेटवर्कची प्राथमिक ओळख आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा एवढे आले की एक चांगली सुरुवात होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर पातळीसाठी सायबर सुरक्षेचा नमुना अभ्यासक्रम जाहीर केला, तेव्हा हा विषय कॉम्प्युटरवाल्यांपुरता राहू नये हीच त्यामागची भूमिका होती. ती कागदावरून वर्गात यायला शिक्षक हवेत, आणि जो माणूस हे शिकवू शकतो त्याला पुण्या-बंगळुरूत तिपटीने पगार मिळतो. शासकीय महाविद्यालयात तासिका तत्त्वावर त्याने का यावे, याचे उत्तर कुठल्याही अभ्यासक्रमात दिलेले नाही.

बाहेरून मदत अगदीच नाही असे नाही. केंद्र सरकारचा माहिती सुरक्षा शिक्षण व जागृती प्रकल्प २००५ पासून चालू आहे. पुण्याच्या सी-डॅकचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सिस्टीम आणि सुरक्षा या विषयांसाठी उद्योगात मानला जातो. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट, डेटा सिक्युरिटी कौन्सिल आणि केंद्राचे इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय यांनी मिळून ‘सायबर शिक्षा’ हा उपक्रम खास अभियांत्रिकी शिकलेल्या तरुणींसाठी काढला. चार महिन्यांचे शिक्षण आणि पुढे नोकरीसाठी खटपट, अशी त्याची आखणी. आयएससी-टूने २०२२ मध्ये प्रवेशपातळीच्या प्रमाणपत्राचे शिक्षण आणि परीक्षा दहा लाख लोकांना मोफत देण्याचे जाहीर केले. परीक्षा मोफत खरी, पण उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र चालू ठेवायला दरसाल ५० डॉलर भरावे लागतात. नोकरी नसलेल्या मुलीने ते पैसे घरी कुठल्या नावाखाली मागावेत? मोठमोठ्या योजना अडतात त्या अशाच ठिकाणी.

सगळ्यांत अवघड टप्पा शिक्षण संपल्यावरचा. नवशिक्यांना पहिली नोकरी बहुतेक वेळा निगराणी केंद्रात मिळते. बोलीभाषेत ‘सॉक’. तिथे चोवीस तास तीन पाळ्यांत पडद्यावरचे इशारे तपासायचे असतात, आणि जलस्रोत खात्याच्या घटनेत पाहिल्याप्रमाणे चोर येतो तो मध्यरात्रीनंतर. म्हणजे रात्रपाळी आली. ‘रात्रीची कसली ड्युटी?’ या वाक्यापाशी कित्येक ऑफर लेटर संपतात. नर्सच्या रात्रपाळीला समाजाने मान्यता दिली त्याला काही दशके लागली. कॉम्प्युटरपुढची रात्रपाळी अजून कॉल सेंटरच्या नावाने ओळखली जाते, आणि उत्तर गोव्यात बोगस कॉल सेंटरांवर पडणाऱ्या धाडींच्या बातम्यांनी त्या नावाला आणखी बट्टा लावला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी स्त्रियांना त्यांच्या संमतीने रात्रपाळीत काम करण्याची मुभा दिली आणि सुरक्षेची, वाहनाची जबाबदारी मालकावर टाकली. कायद्यातले वाहन कासारवर्ण्याच्या किंवा मेणकुऱ्याच्या वाड्यापर्यंत येते का, हे ज्याचे त्याला बघावे लागते. घरून काम हा एक मार्ग आहे. पण पहिल्याच वर्षी घरून काम करणारी मुलगी शेजारच्या खुर्चीतल्या अनुभवी माणसाकडून जे उचलायचे ते उचलू शकत नाही. तिने निदान पहिले वर्ष तरी ऑफिसात, कुणाच्या तरी बाजूला बसून काढावे, हेच शहाणपणाचे.

मुलींचा या विषयाशी पहिला संबंध मात्र अभ्यासक्रमाच्या कितीतरी आधी येतो. कुणाच्या फोटोवरून खोटे प्रोफाइल निघते, कुणाच्या आईला ‘केवायसी संपले’ म्हणून फोन येतो, निवृत्त मास्तरांना ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने तासन् तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवले जाते. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये या डिजिटल अरेस्टचा मुद्दाम उल्लेख केला, इतके ते सर्रास झाले आहे. अशा वेळी वाड्यावरची माणसे रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्याआधी ‘ती कॉम्प्युटर शिकणारी’ हिच्याकडे धावतात. तिला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक ठाऊक असला आणि पहिल्या तासातच तो फिरवायला लावला, तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते. हे काम ती फुकट करते. महाविद्यालयांनी अशा मदतीची रीतसर नोंद करून तिला श्रेयांक द्यायला काय हरकत आहे? त्याऐवजी ‘सायबर जागृती सप्ताह’ होतो, बॅनर लागतो, समई पेटते, पाहुण्यांचे भाषण होते आणि फोटो महाविद्यालयाच्या अहवालात जातो.

तेव्हा या विषयाची चर्चा प्रवेशापेक्षा नोकरीच्या पहिल्या बारा महिन्यांवर यायला हवी. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा देशात आहे, पदवीधर आणि पदविकाधारकांना वर्षभर विद्यावेतनावर घेण्याची सोय त्यात आहे, आणि विद्यावेतनाचा काही वाटा केंद्र सरकार उचलते. शिकायला जागाही आहेत. जलस्रोत खात्याची पूरयंत्रणा, सहकारी बँका आणि पतसंस्था, डिचोली आणि साखळी नगरपालिकांची कर आणि दाखल्यांची संगणकप्रणाली, धारगळच्या आयुर्वेद संस्थेतल्या रुग्णांच्या नोंदी, मोपाचा विमानतळ. यातल्या बऱ्याच जागी जायला मांडवी ओलांडावी लागत नाही. अडचण अशी की त्यांच्यापैकी पुष्कळ ठिकाणी शिकवायला बसलेला सुरक्षा अधिकारीच नसतो. ‘आयटी बघणारा’ एक जण असतो आणि प्रिंटरही तोच दुरुस्त करतो. म्हणून पाच-सहा लहान संस्थांनी मिळून एक अनुभवी माणूस नेमायचा, त्याच्या हाताखाली मये आणि फर्मागुढीतून आलेल्या चार-सहा मुली द्यायच्या आणि प्रत्येक संस्थेचे लॉग, बॅकअप, पॅच यांचे काम त्यांनी आळीपाळीने करायचे, अशी काही रचना उभी राहिली तर अनुभवाच्या त्या तीन वर्षांतले पहिले वर्ष तालुक्यातच भरून निघेल. त्याचा खर्च कुणी उचलायचा, बँकेचे लॉग शिकाऊ मुलीच्या हाती द्यायला रिझर्व्ह बँकेचे नियम कितपत मोकळीक देतात आणि चूक झाली तर जबाबदारी कुणाच्या नावावर, हे तीन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. त्यातला पहिला सरकारी तिजोरीचा आहे. उरलेले दोन करारपत्राच्या मसुद्याचे आहेत, आणि तो मसुदा तयार करायला विद्यापीठातल्या विधी आणि वाणिज्य शाखांचे प्राध्यापक संगणक विभागाच्या टेबलाशी येऊन बसले पाहिजेत.